लेप्टो बरा झाला पण बाबांच्या हृदयाचं पंपिंग ३५ वर आलंय, ब्लॉकेज नाही मग हे झालं कसं?

कातळमाळ_देवगड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलंय थोडं, पण कुणाला विचारावं तेच कळत नाहीये.

बाबा ५६ वर्षांचे. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूसुद्धा नाही. भातशेती आणि थोडी हापूसची कलमं, आयुष्यभर तेच. जुलैत लावणी चालू होती, दिवसभर खाचरात, आणि पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या. रात्री त्यावर तेल-हळद लावायचे आणि सकाळी परत तरवा (भाताची रोपं) काढायला हजर. मग ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादर लागली तरी ओरडायचे, डोळे लालभडक. जवळच्या एका दवाखान्यात व्हायरल आहे म्हणून सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं, त्यात दोन दिवस गेले ते मला अजून खुपतात. पाचव्या दिवशी लघवी जवळपास बंद, डोळे हळदीसारखे पिवळे आणि बीपी ८० च्या खाली. ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, थेट आयसीयूत, लेप्टो पॉझिटिव्ह, म्हणजे खाचरातल्या पाण्यातून लागणारा लेप्टोस्पायरोसिस.

इथपर्यंत समजलं, लेप्टो आपल्याकडे नवीन नाही. पण आठव्या दिवशी ताप उतरल्यावर, किडनी सुधारत असताना त्यांना झोपल्यावर दम लागायला लागला. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन वाढलेलं, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग ३५ टक्के. आम्हाला वाटलं अटॅकच आला. किडनी सावरल्यावर अँजिओग्राफी केली, नळ्या एकदम साफ. मोठे डॉक्टर राऊंडला आले आणि म्हणाले, जंतूपेक्षा त्यांच्या प्रतिकारशक्तीनेच हृदय मंदावलंय, सुधारेल, गोळ्या चालू ठेवा. एवढं बोलून पुढच्या बेडकडे गेले.

आता घरी येऊन ३ आठवडे झाले. मला हे समजत नाहीये की प्रतिकारशक्ती तर चांगली असते ना, ती वाढावी म्हणून तर आपण काय काय खातो, मग तीच आपल्या हृदयाला कशी मारेल? आणि ३५ म्हणजे ६५ टक्के हृदय मेलं असं आई धरून बसलीय, रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. हे कायमचं आहे का? प्लीज कुणाला माहिती असेल तर साध्या भाषेत सांगा.

आयसीयू_सिस्टर

दादा, आधी आईंना हे वाचून दाखवा: ३५ म्हणजे ६५ टक्के हृदय मेलं असं अजिबात नाही. डावा कप्पा भरतो आणि दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो त्याचा तो आकडा आहे. धडधाकट माणसाचासुद्धा साधारण ५५ ते ७० असतो, १०० कुणाचाच नसतो. म्हणजे बाबांचं ६० च्या ऐवजी ३५ झालंय, १०० च्या ऐवजी नाही. मी १४ वर्षं आयसीयूत आहे आणि जवळपास प्रत्येक नातेवाईक हीच चूक करतो, आणि आमच्यापैकी कुणाला दोन मिनिटं थांबून सांगायला जमत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात लेप्टो, डेंगी, स्क्रब टायफसचे पेशंट येतात त्यात हे बघायला मिळतं. ताप उतरलेला, प्लेटलेट वर येतायत, घरचे खूश, आणि मॉनिटरवर नाडी विनाकारण ११०-१२०. एरवी ताप एक डिग्री सेल्सिअस चढला की नाडी साधारण १० ने वाढते हा आमचा ढोबळ हिशोब, पण ताप नसताना नाडी खाली येत नसेल, किंवा उलट ताप फणफणलेला असून नाडी ५० वर असेल, तर आम्ही लगेच डॉक्टरांना ईसीजी बघायला बोलावतो. तुमच्या बाबांचं वेळेत सापडलं हे खरंच चांगलं झालं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, साठलेलं पाणी आहे, तेव्हा फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि रात्री किती उशा लागतात ते बघा. एकीवर झोपणारा माणूस तीन उशा मागायला लागला की समजायचं.

बांधावरचो_कुडाळ

झिला, घाबरा नको. माझ्या काकाक तीन वर्सा आधी असाच झाल्ला. लेप्टो, मगे पंपिंग तीसार. घरात सगळी रडाक लागली. दोन म्हयने खळ्यात खुर्ची टाकून बसान होतो, आता बरो आसा, गोरवां बघता, पण गोळ्यो अजून चालू आसत.

आमका थयल्या डॉक्टरान जा सांगला ता माका पटला, तां तुका सांगतंय. आंब्यार माकडां इली की आमी धोंडे मारतो. माकडां पळतत खरी, पण दोन-चार धोंडे आपल्याच घरार पडतत आणि कौलां फुटतत. अंगातली ताकद जंतूंका मारूक गेली, कौलां हृदयाची फुटली.

एक चूक आमच्याकडसून झाली ती तुमी करू नको. आजारातसून उठलेलो माणूस म्हणान आमी तेका रोज दोन-दोन शहाळी पाजली, घरचेच माड. आठ दिसांनी तेका चक्कर इली, नाडी मंद, परत ॲडमिट. रगतात पोटॅशियम वाढलला. आमका कोणी सांगूकच नाय की ह्या गोळ्यांवांगडा शहाळा चलना नाय.

पावसाळी_ओपीडी

मी फिजिशियन आहे, किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी. रिपोर्ट न बघता तुमच्या बाबांबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण तुमचा प्रश्न इतका रास्त आहे की नीट उत्तर द्यावंसं वाटतंय.

लेप्टोचा आजार बऱ्याचदा दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात फिरत असतात. उंदराच्या लघवीतून ते खाचरातल्या पाण्यात येतात आणि चिखल्यांसारख्या फाटलेल्या, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला शरीर अँटिबॉडी बनवतं, जंतू रक्तातून जवळपास नाहीसे होतात, आणि नेमके त्याच वेळी काही पेशंटचे अवयव कुरकुर करायला लागतात. या टप्प्याला डॉक्टरी भाषेत नावच मुळी प्रतिकारशक्तीचा टप्पा असं आहे. ताप उतरल्यावर दम लागला असं तुम्ही लिहिलंय ते या वेळापत्रकात बसतं.

आता हृदयात काय होतं. जंतू दिसल्यावर पांढऱ्या पेशी एकमेकींना हाका मारतात, त्या हाका म्हणजे सायटोकाईन नावाची रसायनं, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ वगैरे. ही रसायनं जिथे जंतू आहेत तिथेच थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे जातात. त्यांच्यामुळे नायट्रिक ऑक्साईड तयार होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात, म्हणून बीपी ८० च्या खाली. हृदयाच्या पेशीचा प्रत्येक ठोका कॅल्शियमवर चालतो, कॅल्शियम सुटलं की तंतू आखडतात, परत ओढून घेतलं की सैल होतात. सायटोकाईनच्या माऱ्यात हे सुटणं-ओढणं बिघडतं, तंतूंना कॅल्शियम पूर्वीसारखं जाणवत नाही, पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही मंदावते. पेशी जिवंत असते पण आखडत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत मार्गारेट पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकचे, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेले, २० पेशंट रोज मोजले. जे वाचले त्यांचं पंपिंग सुरवातीला चांगलंच पडलेलं होतं आणि साधारण १० दिवसांत परत जागेवर आलं. आणि विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे जे गेले त्यांचं पंपिंग तेवढं पडलेलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच गटातल्या जोसेफ पॅरिलो यांनी अशा पेशंटच्या रक्तातला पाण्यासारखा भाग प्रयोगशाळेत उंदराच्या हृदयपेशींवर टाकून बघितला, धडधडणाऱ्या पेशी कमी आखडायला लागल्या. रक्तातलंच काहीतरी हृदयाला दाबतंय हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

पण दुसराही प्रकार असतो, मायोकार्डायटिस. त्यात पांढऱ्या पेशी स्वतः हृदयाच्या स्नायूत घुसतात आणि काही पेशी मरतात, तिथे पुढे व्रण राहू शकतो. ट्रोपोनिन दोन्हीत वाढतं, इकोत दोन्हीकडे पंपिंग कमीच दिसतं. फरक बघायला कार्डियाक एमआरआय उपयोगी पडतो, सूज कुठे आहे, व्रण कुठे आहे ते कळतं. आपल्याकडून त्यासाठी कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठावी लागते हे मला माहितीये, म्हणून प्रत्येकाला पाठवत नाही. ३ महिन्यांनी पंपिंग जागेवर आलं नाही तर मात्र विषय काढा.

शहाळ्याचं वर लिहिलंय ते अगदी बरोबर. हृदयाच्या काही गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात, लेप्टोत किडनी आधीच मार खाल्लेली असते, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठही त्यातलंच, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

कातळमाळ_देवगड

डॉक्टर, सिस्टर, काका, काय लिहू. आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, ३५ चं कळल्यावर ती पदर डोळ्याला लावून बसली पण या वेळी बरं वाटून. शहाळ्यांचा ढीग पडवीत होता तो शेजाऱ्यांना दिला.

अजून तीन गोष्टी विचारतो. एक म्हणजे पाहुणे येतायत आणि प्रत्येक जण काढा सुचवतोय, गुळवेल, अमुक चूर्ण, इम्युनिटी वाढवायची म्हणून. आता वाचल्यावर वाटतंय की वाढवायची कशाला? दुसरं, प्रतिकारशक्तीनेच केलं असेल तर ती दाबायचं औषध का देत नाहीत? आणि तिसरं जरा घरगुती आहे. आमचा गणपती, मूर्ती घडवतात त्या गणेशशाळेतून घरापर्यंत डोक्यावरून येतो, शाडूचा, पाऊण तासाची वाट आणि मधे चढण. गेली ३० वर्षं बाबाच आणतात. ते म्हणतायत मला काही होत नाही, मी आणणार. पावसात इरलं घेऊन निघायची तयारी चालू आहे. नाही कसं म्हणू तेच कळत नाही.

मुलीची_आई_चिपळूण

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, आमचं थोडं वेगळं आहे पण मूळ तेच. माझी मुलगी ११ वर्षांची. गेल्या वर्षी तिचा घसा दुखत होता, ताप होता, मी आलं-मध देऊन शाळेत पाठवलं, तीन दिवसांत थांबला. तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो बरा आणि डावा घोटा सुजलेला, मग मनगट. खेळताना पडली असेल म्हणत राहिलो. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. संधिवाताचा ताप, आणि हृदयाची एक झडप गळतेय.

मला त्यांनी असं समजावलं की घशातल्या त्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या अंगावरचं एक प्रोटीन आणि आपल्या हृदयातलं मायोसीन नावाचं प्रोटीन दिसायला सारखं असतं. शरीर जंतूवर तुटून पडतं आणि मग तेच हत्यार घेऊन स्वतःच्या झडपांवर. जंतू कधीच मेलेला असतो, लढाई मात्र चालूच. ५ ते १५ वयाच्या मुलांत हे जास्त होतं. आता दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, कमरेत, ती आदल्या रात्रीपासून गप्प होते. किमान २१ वर्षांची होईपर्यंत, कदाचित पुढेही. ते झडप दुरुस्त करायला नाही, तर परत घशाला तो जंतू लागून शरीर परत चवताळू नये म्हणून.

तेव्हा काढ्याबद्दल मी एवढंच सांगेन की माझ्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी नव्हती, ती चुकीच्या दारात गेली. कुणाच्याही लेकराचा घसा तापासह दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आलं-मधावर सोडू नका. मी सोडलं.

पावसाळी_ओपीडी

ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. घसा तीन दिवसांत बरा झाल्यावर कुणालाच पुढचं दिसत नाही. आणि तुम्ही २१ दिवस चुकवत नाही ही त्या मुलीसाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

कातळमाळ, काढा नको. किडनी आणि लिव्हर दोन्ही नुकतीच सावरतायत, त्यात काय उकळून घातलंय ते आपल्याला माहीत नसतं. पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, ताजे मासे, सगळं चालेल. मीठ सांभाळा. मला माहितीये पावसाळ्यात आपल्याकडे सुकट, खारा बांगडा, लोणचं आणि पापड यांच्यावरच ताट चालतं, पण खाऱ्या मासळीच्या एका तुकड्यात किती मीठ असतं ते धुतलेलं पाणी चाखून बघा, मग पटेल. आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. त्या किडनीला बाधतात आणि अंगात पाणी धरून ठेवतात.

दाबायच्या औषधाचं तुम्ही विचारलंत, तोच विचार मोठमोठ्या संशोधकांनी केला होता. हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या रक्तात टीएनएफ वाढलेला असतो हे १९९० मध्ये कळलं, मग वाटलं की तो अडवला की झालं. २००० च्या आसपास एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ अडवणारी औषधं देऊन बघितली. फायदा झाला नाही, इन्फ्लिक्सिमॅबच्या मोठ्या डोसवर तर पेशंट बिघडले. मायोकार्डायटिसमध्ये प्रतिकारशक्ती दाबायचा मोठा प्रयोग १९९५ मध्ये छापून आला, १११ पेशंट, त्यातही सरसकट उपयोग दिसला नाही. काही ठरावीक प्रकारांत, जायंट सेल मायोकार्डायटिससारख्या, ही औषधं लागतात आणि तिथे उशीर चालत नाही, पण ते निदान करून. कारण प्रतिकारशक्तीच्या या पेशी हृदयाच्या वैरी नाहीत. २०१७ मध्ये बोस्टनच्या एका गटाने दाखवलं की हृदयात कायम मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या साफसफाई करणाऱ्या पेशी विजेचा संदेश वरच्या कप्प्यांकडून खाली पोचवायलासुद्धा हातभार लावतात. सगळ्यांना एकदम गप्प केलं तर घर साफ करणारेही गप्प होतात.

गणपतीचं. नाही. या बाबतीत मी कडक बोलतो. हृदयाच्या स्नायूला सूज असताना किंवा ती नुकती उतरत असताना जोराचं काम केलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि ती अशी बिघडते की वाटेतच माणूस कोसळतो. म्हणून मायोकार्डायटिस झालेल्या खेळाडूंनासुद्धा ३ ते ६ महिने मैदान बंद असतं. डोक्यावर शाडूची मूर्ती, तोल सांभाळायचा, श्वास रोखून चढण चढायची, हे त्याच्यापेक्षा कमी नाही. सपाटीवर, बोलता बोलता दम लागणार नाही इतकं चालू दे. रोज थोडं वाढवा. कापणीही या वर्षी नाही.

आणि बरं वाटलं की गोळ्या बंद, हे करू नका. लंडनमध्ये एक अभ्यास झाला, २०१९ चा, हृदय मोठं होऊन पंपिंग पडलेले पण औषधांनी पूर्ण सुधारलेले ५१ पेशंट. ज्यांच्या गोळ्या थांबवल्या त्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार ६ महिन्यांत परत आला. तो आजार बाबांच्यासारखा अगदी तसाच नाही, पण गोळी कधी थांबवायची ते इको बघून डॉक्टरांना ठरवू द्या.

आयसीयू_सिस्टर

डॉक्टर बोललेत ते झालंच, मी फक्त बाबांना कसं सांगायचं ते सांगते. नको म्हणू नका, काम द्या. आमच्याकडे एक आजोबा होते, नारळ सोलायला बंदी, तर त्यांना घरच्यांनी गणपतीवर टांगायच्या माटवीची फळं आणि कवंडाळं बांधायला बसवलं, दोन दिवस मन लावून बांधत होते, दम नाही की वाद नाही. माणूस कामाचा असतो हो, त्याला नुसतं खुर्चीवर बसवलं की तो गुपचूप उठून जड काहीतरी उचलतो, आणि ते आपल्याला दिसत नाही.

बांधावरचो_कुडाळ

सिस्टर बरोबर बोलतत. काकाक आमी पंचांग आणि आरत्यांचा पुस्तक हातात दिल्लला.

कातळमाळ_देवगड

खूप दिवसांनी येतोय, गणपती झाले, परवाच दुसरा इको झाला म्हणून लिहितो. ४७ आलंय. आठव्या आठवड्यात ३५ वरून ४७. डॉक्टर म्हणाले गोळ्या तशाच, ३ महिन्यांच्या इकोला ५० च्या वर नसेल तर एमआरआयला गोव्याला पाठवतो. वजन ६१ वरून ६१.५, आई रोज कॅलेंडरवर लिहिते, एक दिवस चुकला तर मला मुंबईला फोन करते.

गणपती चुलत भावाने आणला. बाबांना मी सिस्टरनी सांगितलं तसं काम दिलं, माटवी त्यांनीच बांधली, बसूनच, आणि दुर्वा त्यांनीच निवडल्या. मूर्ती निघाली तेव्हा मात्र ऐकेनात, गणेशशाळेपर्यंत रिक्षाने आले आणि परत येताना चढणीच्या खालीच रिक्षातून उतरून घंटा घेतली. वर येताना तीन ठिकाणी थांबले, कुणी काही बोललं नाही, सगळी वरातच थांबायची. दारात आईने भावाच्या पायावर पाणी घातलं, मग बाबांच्याही.

आशाताईंना विचारलं, पुढच्या लावणीला डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आठवड्याला एक वेळ, २०० मिलिग्रॅम, आरोग्य केंद्रातून देतात, या वर्षीही वाडीत वाटल्या होत्या. आमच्याकडचं पाकीट देव्हाऱ्यामागे तसंच सापडलं, न फोडलेलं. गमबूट घेतलेत तिघांना.